वर्ध्यात कोणतं पिक घ्यावं?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात जरा जपून विचारावा. हिंगणघाटकडच्या एका ओळखीच्या घरी अंगणात बसलो होतो. बारावीतला मुलगा नवी गिटार घेऊन पुढे आला. मी त्याला विचारलं, "कोणतं पिक वापरतोस रे?" उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं, "यंदा तं तूरच लावा भाऊ, कपाशीचं नाव नका काढू."

मुलाची गिटार आठ हजारांची होती, बॅग पाचशेची. तारा छेडायचं तिकोनी प्लॅस्टिक तेवढं दुकानदारानं वरून फुकट दिलं होतं. इतकं पातळ की फुंकर मारली तर हलेल. मुलगा त्यानं एकेक सूर काढत चाल वाजवू पाहत होता आणि तारेवर फक्त ‘चट चट’ आवाज येत होता. त्याची समजूत अशी की आपलं बोट अजून तयार नाही. बोट ठीक होतं, नखी चुकीची होती.

नखी म्हणालो ते मुद्दाम. मुलं पिक म्हणतात, क्लासवाले प्लेक्ट्रम म्हणतात, पण हार्मोनियम-तबल्याच्या दुकानातले जुने गृहस्थ अजून ‘गिटारची नखी’ असंच म्हणतात. मला त्यांचा शब्द पटतो. सतारवाल्याच्या तर्जनीवर असते तीच ही वस्तू, फक्त बोटात अडकवायच्या ऐवजी चिमटीत धरायची.

गिटार शिकणारी बहुतेक मुलं कॉर्ड धरून गाण्याला साथ करतात. त्या कामाला पातळ, लवलवती नखी चालते, किंबहुना बरी पडते. सहाही तारांवरून ती झाडूसारखी फिरते आणि कुठेही अडत नाही. पण काही दिवसांनी वाटायला लागतं की नुसती साथ पुरे, आता गाण्याची चालच वाजवावी. चपट्या नखीनं, खालीवर सारखे आघात करत, स्टीलच्या तारांवर चाल वाजवायची या पद्धतीला फ्लॅटपिकिंग म्हणतात. इथे पातळ नखी दगा देते.

ही पद्धत कशी रुळली ते थोडक्यात सांगतो, कारण नखीची निवड त्यावरूनच कळते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा अंध वादक डॉक वॉटसन (१९२३–२०१२) नाचाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. बँडला फिडलवाला नव्हता आणि नाचणाऱ्यांना तर फिडलच्याच धावत्या चाली हव्या असत. मग त्यानं त्या चाली गिटारवर बसवल्या. त्याच्यामागून क्लॅरन्स व्हाइट आला, टोनी राइस आला आणि साथीला मागे उभी राहणारी गिटार पुढे येऊन बोलू लागली. कॅन्ससमधल्या विनफिल्ड गावी १९७२ पासून भरणाऱ्या महोत्सवात या वादनाची राष्ट्रीय स्पर्धा होते. म्हणजे मूळ काम फिडलच्या गजाचं. गज कसा न थांबता, न लवता सूर ओढत जातो? नखीलाही तेच करायचं आहे.

धावती चाल म्हणजे काय हे कळायला आपल्याला विनफिल्डला जायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची दुगुणातली लय आठवा. कडवं संपत येतं, खंजिरी चढते आणि शब्द एकमेकांच्या पाठीवर पडत जातात. तशी चाल गिटारवर एकेका सुरानं काढायची, तर प्रत्येक सुराला स्वतंत्र आघात लागतो, एक खाली, एक वर. सतारवाले याला ‘दा’ आणि ‘रा’ म्हणतात. दा रा दा रा, दोन्ही सारख्याच वजनाचे. आता सतारीची नखी आठवा. स्टीलच्या तारेची, वळवून केलेली, वाजवताना काडीभरही वाकत नाही. तरी सतार कर्कश वाजत नाही, कारण लवचीकपणा वादकाच्या बोटात आणि मनगटात असतो. लेखातली मुख्य गोष्ट इथेच सांगून टाकतो: नखी ताठ घ्या आणि मनगट मऊ ठेवा. नवशिका नेमकं उलटं करतो. नखी मऊ घेतो आणि ती निसटेल म्हणून मूठ आवळून धरतो.

पातळ नखीचं यंत्र समजून घ्या. ती तारेला टेकते, वाकते, मग तारेवरून सुटते आणि उलट दिशेला झटका खाते. सूर निघतो तो तुम्ही ठरवलेल्या क्षणी नव्हे, नखी सुटेल तेव्हा. सावकाश वाजवताना हा उशीर कळत नाही. लय वाढली की ‘रा’ कायम मागे पडतो आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपल्याला ताल नाही. शिवाय तारेचा सूर निघायच्या आधी प्लॅस्टिकचा स्वतःचा फटका ऐकू येतो. हिंगणघाटच्या मुलाची ‘चट चट’ हीच.

आता आकडे. नखीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि चांगल्या कंपन्या ती नखीवरच छापतात. ०.६० च्या खालची पातळ, ०.६० ते ०.८० मध्यम, त्यावरची जाड. चाल वाजवणारे बहुतेक लोक १ ते १.५ मिलिमीटरच्या दरम्यान स्थिरावतात. आपल्याकडे सहज मिळणारी आणि भरवशाची म्हणजे डनलॉप कंपनीची टॉर्टेक्स. तिच्यात जाडी रंगावरून ओळखता येते: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १, जांभळी १.१४. आतापर्यंत फुकटच्या पातळ नखीवर असाल तर एकदम जांभळीवर उडी मारू नका. तार अंगावर आल्यासारखी वाटेल आणि तुम्ही वैतागून परत जाल. हिरवी घ्या, पंधरा दिवस वाजवा, मग निळी. माझ्या ओळखीतले बरेच जण निळीवर थांबलेत. मी जांभळीवर आहे, पण त्यात माझ्या जड हाताचा दोष असू शकेल.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं, तारांचं. स्वस्त गिटारला बहुधा बारीक तारा असतात, ज्यांना दुकानात ‘दहाचा सेट’ किंवा ‘अकराचा सेट’ म्हणतात. म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या दहा किंवा अकरा हजारांश जाडीची. अशा ढिल्या तारांवर दीड मिलिमीटरची नखी घातली तर तार पट्ट्यांवर आपटून खरखरते. ताठ नखीला ताठ तार हवी. बाराचा सेट लावा, गिटार मजबूत बांधणीची असेल तरच तेराचा. पुठ्ठ्यासारख्या पातळ प्लायच्या गिटारवर तेराचा सेट चढवून पुढची फळी फुगवून बसलेले दोघे तरी मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

जाडीइतकाच फरक पदार्थानं पडतो आणि इथे खरी गंमत आहे.

दुकानातल्या बरणीत रंगीबेरंगी, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या नख्या असतात त्या बहुधा सेल्युलॉइडच्या. न्यूयॉर्कच्या लुइजी डी'आंद्रेआनं १९२२ मध्ये सेल्युलॉइडच्या नख्या काढायला सुरुवात केली आणि गोल खांद्यांचा, टोकदार हनुवटीचा जो आकार आज आपण गिटारची नखी म्हणून ओळखतो तो त्याच घराण्याचा. आकार क्रमांक ३५१. सेल्युलॉइड अस्सल आहे का हे ओळखायची सोपी खूण सांगतो. नखी जीन्सवर जोरात घासा आणि हुंगा, कापराचा वास येईल. कारण त्यात खरोखरच कापूर असतो. आवाज उबदार, पण झीज लवकर. आणि पेटते भुरकन, तेव्हा देवघरातल्या निरांजनाशेजारी ठेवू नका.

नायलॉनची नखी त्याच जाडीत सेल्युलॉइडपेक्षा मऊ वाटते. पावसाळ्यात हवेतली ओल थोडी शोषते म्हणून आणखी मऊ होते. तिच्यावर पकडीसाठी खरबरीत ठिपके असतात, ते घामट हातांना उपयोगी. पण चाल वाजवायला नायलॉन मी सांगणार नाही, सुराची कड बोथट येते.

टॉर्टेक्सचा पदार्थ वेगळा. हे एक दणकट अभियांत्रिकी प्लॅस्टिक आहे, ज्याचे छोटे दंतचक्रही करतात. ती १९८१ मध्ये बाजारात आली ती कासवाच्या कवचाला पर्याय म्हणून, म्हणूनच नखीवर कासवाचं चित्र असतं. जुने फ्लॅटपिकर खऱ्या कवचाच्या नख्या वापरत. टोनी राइसच्या सुराची चर्चा निघाली की कवचाचा विषय हमखास निघतो. पण ते कवच हॉक्सबिल या समुद्री कासवाचं. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी ‘जुना माल आहे, घेऊन टाका’ म्हणत अशी नखी पुढे केली तर हात लावू नका. सुरासाठीही त्याची गरज उरलेली नाही. अल्टेक्स नावाच्या मधाळ, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या नख्या कवचाच्या पुष्कळ जवळ जातात, लख्ख बोलतात आणि महिनोन्‌महिने झिजत नाहीत. मला विचाराल तर पहिली ‘खरी’ नखी अल्टेक्सची, एक मिलिमीटरची घ्यावी.

याच्या वरचा बाजारही आहे. अमेरिकेत ब्लूचिप नावाची कंपनी एका औद्योगिक प्लॅस्टिकची नखी करते, एका नखीला पस्तीस डॉलर आणि वर. तारेवरून ती लोण्यासारखी सरकते, यात खोटं नाही. पण तेवढ्या पैशात तारांचे चार-पाच सेट येतात. नवशिक्यानं आधी ते घ्यावेत. शिवाय नखी ही वस्तू हरवण्यासाठीच जन्मलेली असते.

आणि पैसे अजिबात खर्च करायचे नसतील तर? मुदत संपलेलं एटीएम कार्ड काढा. बँकेचं कार्ड प्रमाणानुसार ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे पिवळ्या टॉर्टेक्सपेक्षा किंचित जाड. जुनी नखी वर ठेवून पेनानं आखा, कात्रीनं कापा, कडा घासा. पण आधी चिप आणि नंबर असलेला भाग वेगळा कापून नष्ट करा. ही नखी आठवडाभरात बोथट होते, पण मध्यम जाडी हाताला मानवते का हे फुकटात कळतं.

करवंटीची नखी हा माझा आवडता उद्योग. सरोद वाजवतात तो ‘जवा’ पूर्वापार नारळाच्या करवंटीचाच असतो, तेव्हा हा काही वेडेपणा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाललं. गावात जे मिळतं त्यातून वस्तू घडवायची ही तिथली रीत. तिथून चार पावलांवर राहून करवंटी कचऱ्यात टाकायची, हे मला बरं वाटत नाही. जून, काळसर, जाड करवंटी घ्या. कमीत कमी बाक असलेला तुकडा हॅक्सॉनं कापा, कानशीनं पोट सपाट करा आणि टोकाला दीड मिलिमीटरपर्यंत उतरवा. मग पॉलिश पेपर आणि शेवटी तेलाचं बोट. आवाज गोल, बुटका, जुन्या ग्रामोफोनसारखा येतो. स्टीलच्या तारेवर ती भराभर झिजते, दर दोन-तीन दिवसांनी टोक घासावं लागतं. सावकाश, आलापासारख्या चालीला सुरेख. धावत्या चालीला नको.

आकाराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नेहमीचा ३५१ किंवा त्याहून मोठा समभुज तिकोनी, यांतला जो चिमटीत फिरत नाही तो घ्या. तिकोन्याचा फायदा असा की तीन टोकं मिळतात, एक झिजलं की दुसरं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या छोट्या, अणकुचीदार नख्या अकूस्टिकवर चिमटा काढल्यासारख्या वाजतात. एक युक्ती मात्र लक्षात ठेवा: ३५१ नखी उलटी धरून टोकाऐवजी तिच्या गोल खांद्यानं वाजवून बघा. सूर एकदम भरदार होतो. अनेक जुने फ्लॅटपिकर टोकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

धरायची कशी? तर्जनी अर्धी मुडपा, तिच्या शेवटच्या पेराच्या बाजूवर नखी आडवी ठेवा, वरून अंगठा टेकवा. बाहेर तीन-चार मिलिमीटरच दिसली पाहिजे. पकड एवढीच, की दुसऱ्या हातानं ओढली तर सुटेल पण आपणहून पडणार नाही. आणि नखी तारेला अगदी समांतर न ठेवता किंचित तिरकी ठेवा, म्हणजे तिची कड तारेवरून घसरत जाते, आपटत नाही.

कड हा शब्द महत्त्वाचा. नवी नखी साच्यातून निघते तेव्हा तिच्या कडेला बारीक उंचवटा असतो, नखानं चाचपला तर लागतो. जाड तारांवर येणारी ‘खर्र’ त्याचीच. हार्डवेअरच्या दुकानातून काळा वॉटर पेपर आणा, आठशेचा आणि दोन हजारचा. आधी आठशेच्या पेपरवर पाणी टाकून कड गोल करा, मग दोन हजारच्या पेपरवर चकाकेपर्यंत घासा, शेवटी जीन्सवर पाच मिनिटं. वीस रुपयांची नखी दोनशेच्या नखीसारखी बोलते. आणि जुनी नखी फेकण्याआधी भिंगाखाली नाही तरी उजेडात धरून पाहा. झीज एकाच बाजूला तिरकी असेल तर तुमचा कोन स्थिर आहे. झीज सगळीकडे वेडीवाकडी असेल तर नखी चिमटीत फिरते आहे. मग जाडी बदलून उपयोग नाही, आधी पकड सुधारा.

आमच्या हवेचंही थोडं. नवतपात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. बोटांना घाम, नखी गुळगुळीत, आणि ऐन समेवर ती गिटारच्या पोटात पडते. त्यावर उपाय: नखीच्या मधल्या भागावर खडबडीत पेपरनं चौकडी ओढा, टोकाला हात न लावता. सायकलच्या ट्यूबचा नाण्याएवढा गोल कापून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला तर आणखी उत्तम, दिसतं मात्र गबाळं. खिडकीत उन्हात ठेवलेलं सेल्युलॉइड वाकतं. आणि कूलरच्या झोतासमोर बसून रियाज करत असाल तर नखीची नव्हे, गिटारच्या लाकडाची काळजी करा.

खरेदीला निघताना स्वतःची गिटार सोबत न्या. वर्ध्यात हवी ती जाडी मिळाली नाही तर नागपूर पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे, सीताबर्डीत पुष्कळ निवड असते. दुकानात नखी काचेच्या काउंटरवर थोड्या उंचीवरून टाका आणि ऐका. ‘टण्’ वाजली तर पदार्थ कडक, सूर लख्ख येईल. ‘थप्’ वाजली तर मऊ. एकच नखी कधी घेऊ नका. तीन जाड्या आणि दोन पदार्थ, अशा सहा घ्या. पाव किलो बदामांएवढाही खर्च येत नाही.

ऑनलाइन मागवणार असाल तर माझी फजिती ऐका. एकदा नामांकित छाप असलेलं बाराचं पाकीट फार स्वस्तात मिळालं म्हणून मागवलं. छापलं होतं १.१४, हाताला मात्र काही पटेना. शेजारच्या अकरावीतल्या मुलीकडून फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचा व्हर्नियर मागून आणला. कुठली ०.८, कुठली ०.९, दोन नख्या एकसारख्या नव्हत्या. तेव्हापासून नवी नखी आली की आधी व्हर्नियरखाली जाते.

सहा नख्या घरी आल्या की त्यांची परीक्षा अशी घ्या. एकच चाल निवडा, जिच्यासाठी विचार करावा लागत नाही अशी. सेवाग्रामच्या प्रार्थनेत बसलेल्यांना ‘रघुपति राघव’ची चाल झोपेतही येते, ती चालेल. आधी संथ, मग दुप्पट लयीत, मग मध्येच कॉर्डचे दोन भरगच्च फटकारे, मग पुन्हा चाल. फोन पाच-सहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. वाजवताना आपल्या कानाला येणारा आवाज आणि समोर बसलेल्याला येणारा आवाज यात फार अंतर असतं. प्रत्येक नखीच्या रेकॉर्डिंगला नुसता क्रमांक द्या आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्याला गिटारमधलं काही कळत नाही अशाला. माझ्याकडे हे काम आईनं केलं. तिनं सहातली चौथी निवडली आणि म्हणाली, "हिच्यात शब्द कळतात." चौथी होती एक मिलिमीटरची अल्टेक्स.

निवड झाली की त्याच नखीच्या चार आणा आणि निदान तीन महिने दुसरीकडे बघू नका. हाताला सवय लागायला तेवढा वेळ लागतोच.

हिंगणघाटच्या त्या मुलाला मी माझ्याजवळची हिरवी दिली होती. महिन्याभरानं त्याचा फोन आला. ‘चट चट’ गेली होती, नखीही हरवली होती. मी त्याला निळी आणायला सांगितली. त्याची ती फुकटची पातळ नखी मात्र फेकू देऊ नका त्याला, असं वडिलांना बजावलंय. गाण्याला साथ करायची वेळ आली की तिच्याइतकी बरी दुसरी नाही.